कोळसा, व्हाइट कोल की गॅस: लहान बॉयलरसाठी काय घ्यावं?

दवाखान्यांच्या आणि लॉजच्या चादरी धुण्याची माझी लाँड्री आहे. बॉयलर लहान, ताशी ५०० किलो वाफेचा. गेल्या अकरा वर्षांत तिन्ही जळणं वापरून झाली, त्यामुळे नवा बॉयलर घ्यायचा असला की ओळखीचे लोक विचारायला येतात. दरांचा हिशेब ज्याचा त्यानं मांडावा, तो दर महिन्याला बदलतो. मला सांगायचंय ते धुराबद्दल.

कोळसा मी सगळ्यात आधी सोडला. आपल्या देशी कोळशात राखच तीस-चाळीस टक्के. टनभर जाळला की तीन-चार क्विंटल राख दारात पडते आणि ती न्यायला कुणी तयार नसतं. वर गंधक. पहाटे जाळ लावला की आमच्या फायरमनचा घसा धरायचा. कोळशावरच्या वीजकेंद्रातही हेच होतं, फक्त प्रचंड प्रमाणात. तिथल्या चिमणीतून निघालेल्या सल्फर डायऑक्साइडचे वाटेत सल्फेटचे बारीक कण होतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं यावर मर्यादा घातली, पूर्ततेला दोन वर्षं दिली. मुदत पुढे सरकत राहिली आणि २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक काढण्याची यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. म्हणून कुणी विजेवरचा बॉयलर सुचवला की मला चंद्रपूरचं कोळशावरचं वीजकेंद्र आठवतं. आपल्या दारातला धूर तिथल्या लोकांच्या दारात जाणार.

मग व्हाइट कोल, म्हणजे बगॅस, उसाचं चिपाड, दाबून केलेल्या कांड्या. मनापासून सांगतो, मला हे जळण आवडायचं. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड घालणारी माणसं बघत वाढलेल्याला ते परकं वाटत नाही. गंधक नावापुरतं, राख थोडी, पैसा जिल्ह्यातच राहतो. फक्त पावसाळ्यात गोदाम कोरडं ठेवा. ओलसर कांडी बरीच ताकद पाणी उडवण्यातच घालवते आणि धूर दाट होतो.

पण पाच वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एका दवाखान्यानं चादरींचा अख्खा गठ्ठा परत पाठवला. पांढऱ्याशुभ्र चादरींवर काळे ठिपके. ते आमच्याच चिमणीतून उडून गच्चीवरच्या दोरीवर आले होते. ही राख पापुद्र्यासारखी हलकी असते. झटकली तर जाते, बोट लागलं की काजळासारखी पसरते आणि मग चादर पुन्हा मशीनमध्ये. सायक्लोन बसवला, म्हणजे धूर गोल फिरवून राख खाली पाडणारं नळकांडं. जाड कण थांबले, बारीक सुटत राहिले. कापडी पिशव्यांतून धूर गाळणारा बॅग फिल्टर लावला तर ठिणग्यांनी पिशव्यांना भोकं पडली. साखर कारखान्यांच्या मोठ्या सहवीज प्रकल्पांत ईएसपी असते, विजेच्या दाबानं राख पकडणारी. नीट चालवली तर ती जवळपास सगळी राख धरते. माझ्या एवढ्याशा बॉयलरला ती परवडणार कशी?

त्या महिन्यात मी रोज पहाटे गच्चीवर उभा राहून धूर बघायचो. तो नारळाच्या शेंड्यापर्यंत जायचा आणि तिथंच आडवा व्हायचा. थंडीत जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार, झाकण घातल्यासारखं. ऊन चढल्यावर तोच धूर सरळ वर निघून जायचा. जुलैत तर पाऊस सगळं धुऊन नेतो, ठिपका औषधालाही सापडत नाही. पण आपल्याकडे साखर कारखान्यांचा गाळप हंगाम आणि हे झाकण एकाच वेळी येतात. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात खराब हवेच्या शहरांच्या यादीत आपल्या कोल्हापूरचं नाव आलं, त्याचं मला तरी नवल वाटलं नाही. ज्या चादरीवर उद्या रुग्ण झोपणार तिच्यावर ठिपका पडतो, तर त्याहून बारीक कण कुठं जात असतील, हा विचार डोक्यातून जाईना.

आता चार वर्षं पाइप गॅसवर आहे. राख नाही, काजळी नाही, गंधक नसल्यातच जमा. नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र गॅसच्या ज्योतीतूनही निघतात आणि आपल्या एप्रिलच्या उन्हात त्यांच्यापासून श्वासाला त्रास देणारा ओझोन तयार होऊ शकतो. म्हणून दरवर्षी बर्नरचं ट्यूनिंग करून घेतो. पुरवठ्याची धास्तीही खरी आहे. घाटापलीकडचा दाभोळचा वीजप्रकल्प २०१३ च्या अखेरीस गॅसअभावी बंद पडून जवळपास दोन वर्षं थांबला होता. २०२२ मध्ये आयात गॅसचे भाव भडकले, तेव्हा माझ्या बिलानंही घाम फोडला.

तुमचं काम वेगळं असेल. आजूबाजूला शेतं असतील, वस्ती लांब असेल तर व्हाइट कोल वाईट नाही. फक्त हिवाळ्यात जाळ सकाळी नऊनंतर लावा आणि सायक्लोन दर आठवड्याला झाडून घ्या. पण गावात असाल आणि पाइप गल्लीपर्यंत आला असेल, तर मला वाटतं थोडे जास्त पैसे मोजून गॅसच घ्यावा. त्या दवाखान्याचं काम गेल्या जानेवारीत परत मिळालं. चादरी पुन्हा गच्चीवरच वाळतात.