चुंबक चिकटला नाही म्हणजे ३१६ असं समजू नका

डब्यावर ठळक अक्षरांत 'मरीन ग्रेड, ३१६', बिलावरही तेच, आणि आतल्या स्क्रूंमध्ये मोलिब्डेनमचा पत्ता नाही. ३१६ म्हणजे खाऱ्या हवेत टिकावं म्हणून मोलिब्डेनम हा धातू मिसळलेलं स्टेनलेस स्टील. बोटीवरचे दिवे आणि वायरिंगचे जंक्शन बॉक्स बसवायला घेतलेले एम३ आणि एम४ चे, म्हणजे ३ आणि ४ मिलिमीटर व्यासाचे, बारीक स्क्रू होते. काही महिन्यांतच डोक्यांच्या खाचांत तांबूस डाग दिसले, मग झाकणांवरून गंजाचे ओघळ आले. उघडायला गेलं की पेचकसाखाली डोकं तुटून येई आणि बूड आट्यांतच अडकून राही. स्क्रूची किंमत ती काय! पण ते बूड ड्रिलने काढताना झाकण तडकतं, सीलवरचा दाब जातो, पाणी आत शिरतं, आणि खर्च वायरिंगपर्यंत पोचतो.

ही फसवणूक बारीक स्क्रूंमध्येच का खपते, त्याला कारण आहे. आयएसओ ३५०६ या मानकाप्रमाणे षटकोनी डोक्याच्या किंवा ॲलन कीच्या बोल्टवर ५ मिलिमीटर व्यासापासून पुढे ए२-७०, ए४-८० असा छाप लागतो. ए२ म्हणजे ३०४ च्या, मोलिब्डेनम नसलेल्या नेहमीच्या स्टेनलेसच्या घराण्यातलं स्टील, ए४ म्हणजे ३१६ च्या; पुढचा आकडा ताकदीचा. त्याखालच्या मापांना छापाची सक्ती नाही. एवढ्याशा डोक्यावर अक्षरं मावणार कुठे? म्हणजे एम३ चा स्क्रू डब्यातून बाहेर काढला की त्याची ओळख संपली. राहता राहिला डबा, आणि डब्यावर काय छापायचं ते छापणाऱ्याच्या हातात. 'मरीन ग्रेड' अशी श्रेणी तर या मानकात नाहीच. कुणी '१८-८' म्हणून विकत असेल, तर तो फक्त १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलच्या आसपासचं स्टील सांगतोय, मोलिब्डेनमबद्दल अवाक्षर नाही.

माल आला तेव्हा आम्हाला शंका आली होती आणि आम्ही ती बोलूनही दाखवली. विक्रेत्याने लगेच खिशातून चुंबक काढला. "बघा साहेब, ओढतोय का? अस्सल ३१६!" स्क्रू खरंच चिकटले नाहीत. बघणाऱ्याला हा प्रयोग पटतो, आणि त्यातून ३१६ बद्दल काहीच सिद्ध होत नाही. ३०४ ही जवळपास अचुंबकीयच असतं. निकेल वाचवून मँगेनीज भरलेलं २०० मालिकेचं स्वस्त स्टीलही चुंबकाला फारशी दाद देत नाही. उलट, डोकं थंड अवस्थेत ठोकून घडवलेला अस्सल स्क्रू थोडासा ओढला जाऊ शकतो. चुंबकाने फक्त ठार खोटा माल पकडता येतो: मुलामा दिलेलं साधं लोखंड, किंवा स्वतःच भोक पाडत जाणाऱ्या स्क्रूंसाठी वापरतात ते ४१० स्टील. हे दोन्ही कडकडून चिकटतात.

मग प्रमाणपत्र मागितलं. आलं, तेही शिक्क्यासह. रासायनिक घटकांचे आकडे अगदी ३१६ चे. पण 'माप' या रकान्यात पत्र्याची जाडी आणि रुंदी! स्क्रू तारेपासून बनतात. कुठल्याशा पत्र्याचा कागद आमच्या डब्यांना चिकटवला होता, आणि त्यावरचा हीट नंबर (स्टीलच्या वितळलेल्या घाण्याचा क्रमांक) एकाही डब्यावर नव्हता. विचारलं तर म्हणे क्लार्ककडून चूक झाली, बरोबर कागद पाठवतो. तो अजून येतोय.

शेवटी एक्स-रे गनखाली, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या हातातल्या यंत्राखाली, स्क्रू ठेवले. मँगेनीज साडेआठ टक्क्यांच्या वर, निकेल जेमतेम एक टक्का, मोलिब्डेनम नावालाही नाही. ३१६ मध्ये निकेल निदान १० टक्के आणि मोलिब्डेनम २ ते ३ टक्के असायला हवं. ऑर्डरआधी नमुना म्हणून मिळालेल्यांपैकी काही स्क्रू शिल्लक होते, तेही तपासले. ते अस्सल निघाले! नमुना खरा आणि लॉट खोटा, म्हणजे यात अजाणतेपणी काही झालं असं मानायला जागाच उरली नाही.

रिपोर्ट दाखवल्यावर विक्रेत्याने जी कारणं दिली, ती नीट ऐकून ठेवण्यासारखी आहेत, कारण त्यातलं एकही धादांत खोटं नाही. 'खाऱ्या हवेत स्टेनलेसवरही डाग पडतात.' पडतात. 'तुमच्या माणसाने साध्या लोखंडाचं काम केलेलं बिट वापरलं असेल, त्याचे कण रुतले.' असंही होतं. पण तसा गंज वरवरचा असतो, सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाने साफ केला की सहसा परत येत नाही. आमच्या स्क्रूंना घासल्यावर खाली खड्डे दिसत होते. 'डोक्याखाली पाणी साचलं की ३१६ सुद्धा जातं.' हेही खरं. स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर टिकायला आणि सावरायला ऑक्सिजन लागतो. वॉशरखालच्या फटीत तो मिळत नाही, क्लोराइड मात्र साठत जातं. म्हणूनच कायम पाण्याखाली राहणाऱ्या जागी ३१६ वरही डोळे मिटून भरवसा ठेवत नाहीत. पण आमचे बॉक्स डेकच्या वर होते. आणि मुळात प्रश्न गंजाचा नव्हताच, पैसे ३१६ चे घेऊन भलतंच स्टील दिल्याचा होता. त्यावर त्याने हात वर केले.

तपासणी वाटते तेवढी अवघड नाही. मोलिब्डेनम ओळखायचं द्रावण मिळतं: डोकं घासून स्वच्छ करायचं, एक थेंब टाकायचा, ९ व्होल्टच्या बॅटरीने क्षणभर प्रवाह द्यायचा आणि रंग पाहायचा. रंग किटनुसार वेगळा असतो, म्हणून शेजारी खात्रीचा ३०४ आणि खात्रीचा ३१६ ठेवून तुलना करावी. एक्स-रे गन मोठ्या भंगार व्यापाऱ्यांकडेही असते, कारण त्यांचा भावच निकेलवर ठरतो (खरं तर स्क्रू विकणाऱ्यांपेक्षा तेच जास्त चोख तपासतात). गनची खिडकी एम३ च्या डोक्यापेक्षा मोठी असते, तेव्हा बरेच स्क्रू दाटीने रचून मोजमाप घ्यावं, नाहीतर खालच्या टेबलाचा धातूही आकड्यांत मिसळतो. कार्बन मात्र ही गन मोजत नाही, त्यामुळे ३१६ आणि कमी कार्बनचं ३१६एल यांतला फरक तिला विचारू नका. आणि स्क्रू काढायचे ते आलेल्या मालातून, वेगवेगळ्या डब्यांच्या तळातून. विक्रेत्याने हातात ठेवलेले नव्हेत.

आता आमच्या ऑर्डरवर 'मरीन ग्रेड' हा शब्दच नसतो. तिथे लिहिलेलं असतं: आयएसओ ३५०६ प्रमाणे ए४-७०, ईएन १०२०४ चं ३.१ प्रमाणपत्र (त्याच मालाच्या चाचणीचे आकडे देणारं निर्मात्याचं प्रमाणपत्र), त्यातला हीट किंवा लॉट नंबर प्रत्येक डब्यावर, आलेल्या मालाच्या तपासणीत मोलिब्डेनम २ टक्क्यांखाली निघाल्यास पूर्ण लॉट परत, वाहतूक खर्च पुरवठादाराचा. लहान ऑर्डरला ३.१ देणं परवडत नाही असं काही प्रामाणिक विक्रेतेही सांगतात, आणि ते समजण्यासारखं आहे. अशांकडून आम्ही निर्मात्याचं सीलबंद पाकीट घेतो, मूळ लेबलसकट. सुटा माल, कितीही चकचकीत असला तरी, घेत नाही.