मधपेट्या घेताय? रात्री पैसे देऊ नका

आमच्या जालना-बुलढाणा पट्ट्यात कांद्याचं बी करणारे भरपूर, आणि डोंगळे (कांद्याच्या फुलांचे दांडे) फुलले की मधमाशी लागतेच, नाहीतर बी भरत नाही, म्हणून पेट्या विकणारे बरोबर तेव्हाच फिरतात. मला गाठलेला माणूस बोलायला एकदम गोड, मेलीफेराच्या (पेटीत पाळतात ती इटालियन मधमाशी) आठ फ्रेम, म्हणजे पोळ्याच्या चौकटी, भरलेल्या पेट्या, वर्षभर सर्व्हिस, मध आम्हीच परत घेणार, स्टॅम्पपेपरवर लिहून देतो म्हणे.

पेट्या आल्या रात्री. आता माश्या रात्रीच हलवतात हे खरंय, दिवसा हलवल्या तर चरायला गेलेल्या मागे राहतात, पण हा गडी त्याचाच फायदा घेतो. अंधारात पैसे घेतले आणि वर सांगून गेला, पंधरा दिवस झाकण उघडू नका, माशी बिथरते. उघडलं तर तीन फ्रेमवर माशी, बाकी कोऱ्या, आणि पोळ्याच्या एकेका घरात (षटकोनी खणात) दोन-तीन अंडी, काही तर भिंतीला चिकटलेली. फोटो पाठवला तर म्हणतो, "भाऊ, राणी जोरात आहे तुमची, डबल अंडी घालतेय!"

साफ खोटं. चांगली राणी एका घरात एकच अंडं घालते, तळाला मधोमध. असला पसारा म्हणजे राणी कधीचीच नाहीये आणि कामकरी माश्याच अंडी घालतायत, त्यातून निघतात फक्त नर, जे मध आणत नाहीत. हंगामात कामकरी माशी जगते जेमतेम दीड महिना, नवीन निघत नाही म्हटल्यावर पेटी रिकामी, मग पोळं खाणाऱ्या मेणपतंगाच्या अळ्या आणि जाळीच जाळी.

भरपाई मागितली तर म्हणे तुम्ही औषध मारलं असेल. (फवारणी कोण करत नाही, त्यामुळे हे उत्तर सगळीकडे चालतं.) करारात बारीक अक्षरात होतं, माश्या मेल्या तर जबाबदारी नाही. परत घ्यायच्या मधाला वीस टक्क्यांच्या आत ओलावा हवा ही त्यातली अट तशी बरोबर, पण मोजणार कोण, तर तेच.

घ्यायच्याच असतील तर दिवसा त्याच्या जागेवर जाऊन पेटी उघडायला लावा. राणी नाही दिसली तरी चालेल, पण एका घरात एक अंडं, पांढऱ्या अळ्या आणि सपाट झाकणाची पिल्लं (मेणाने बंद केलेली घरं) सलग दिसलीच पाहिजेत, फुगीर झाकणंच जास्त असली तर ते नर. आणि त्याच पेटीवर, आतल्या फ्रेमवरही खूण करा, दाखवतात एक उतरवतात दुसरी. महाबळेश्वरचं मध संचालनालय किंवा पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था, इथे आधी ट्रेनिंग घेतलं तर हे सगळं हाताने बघायला मिळतं.

पोलिसात अर्ज दिलाय. त्याचा जुना नंबर बंद, पण त्याचा पेट्या विकायचा व्हिडिओ नव्या नावाने ग्रुपवर फिरतोय, आता डाळिंबवाल्यांसाठी.