अमीर खाँसाहेब की कुमारजी, आधी कोणाला ऐकायचं?

इंदूरात मराठी घरांमध्ये गाण्याचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतातच, एक अमीर खाँसाहेबांची, दुसरी कुमारजींची, म्हणजे कुमार गंधर्वांची. अमीर खाँसाहेब म्हणजे इंदूर घराणंच, वडील शाहमीर खाँ सारंगिये, त्यामुळे मेरखंड (स्वरांचा क्रम उलटसुलट बदलत गाण्याची पद्धत) लहानपणापासून अंगात मुरलेला, आणि झूमरा तालातला तो अतिविलंबित ख्याल इतका सावकाश की सुरुवातीला बोअर होतं पण एकदा लागला की दुसरं काही नको वाटतं. १९७४ ला गेले, पण निखिल बॅनर्जींच्या सतारीतसुद्धा त्यांचा असर स्पष्ट ऐकू येतो.

कुमारजींचं वेगळंच. १९४८ ला देवासला आले ते टीबीमुळे, काही वर्षं गाणं पूर्ण बंद, कानावर माळव्याची लोकगीतं, त्यातूनच पुढे धुनउगम, म्हणजे लोकधुनांमधून उगवलेले, राग आले, मग निर्गुणी भजनं, आणि फुप्फुस अधू तरी छोट्या छोट्या ताना काय धारदार! पण त्यांच्यासारखं गायला गेलं की नक्कल होते असं मला वाटतं, खाँसाहेबांची बढत, म्हणजे राग हळूहळू उलगडत नेणं, मात्र कितीतरी जणांनी उचलली.

नवीन असाल तर आधी कुमारजींची भजनं, लगेच भिडतात. माझी पसंती विचाराल तर खाँसाहेबांचा दरबारी राग, रात्री, हेडफोन लावून. घाई असेल त्या दिवशी लावूच नका.