कप्प्यांचा खोका आणि गजराचं घड्याळ: पेरणीपासून वेचणीपर्यंतचा अनुभव

एमपीएससीच्या गट-क किंवा तलाठीच्या परीक्षेच्या तयारीला लागलेल्या आमच्याकडच्या कोणत्याही घरी जा, भिंतीवर एक वेळापत्रक चिकटवलेलं दिसेलच. पहाटे ४ ते ६ इतिहास, ६ ते ८ भूगोल, मग चाचणी, मग उजळणी. स्केचपेनच्या रंगीत रेघा मारलेल्या. बहुतेक वेळा ते मोबाईलवर कुठल्यातरी टॉपरचं पाहून उतरवलेलं असतं आणि पहिला पाऊस पडला की संपतं. पोरं आळशी असतात असं नाही. वेळापत्रक चालतं घड्याळावर, आणि यवतमाळ जिल्ह्यातलं शेतकऱ्याचं घर चालतं पावसावर, मजुरांवर, ढोरांवर आणि लाईन कधी येते त्यावर. पहाटे ४ ला पुस्तक उघडलं आणि ४.२० ला वावरातली मोटर सुरू करायची वेळ आली, की त्या दिवसाची रंगीत रेघ गेली. एक रेघ गेली की पुढच्याही जातात.

मागच्या जूनपासून मी भिंतीवरचं वेळापत्रक काढून तीन गोष्टींवर अभ्यास बसवला: प्रश्नोत्तरांच्या कार्डांचा खोका, साधं गजराचं घड्याळ आणि दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर. मधल्या काळात पेरणी, डवरणी, सोयाबीनची सवंगणी म्हणजे कापणी आणि कापसाची वेचणी, सगळं होऊन गेलं, म्हणून आता त्यावर बोलायला हरकत नाही.

आधी खोका, कारण या तिन्हींत खरा उपयोग त्याचाच झाला. कल्पना माझी नाही. झेबास्टियान लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये ही पद्धत लोकांपुढे ठेवली. खोक्यात पाच कप्पे करायचे. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात जातं. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. पहिला कप्पा मी रोज काढते, दुसरा दिवसाआड, तिसरा आठवड्याला, चौथा पंधरवड्याला, पाचवा महिन्याला. जे येतं ते लांब जात राहतं आणि जे येत नाही ते रोज समोर येतं. यामागची गोष्ट त्याहून जुनी आहे. हर्मन एबिंगहाउसने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःच्याच स्मरणशक्तीवर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये छापले. पाठ केलेलं सुरुवातीला भरभर विसरतं, मग विसरण्याचा वेग मंदावतो, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एकदम केलेल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते, हे त्यात दिसलं. आपण नेमकं उलटं करतो. एक धडा रात्रभर घोकतो आणि मग दोन महिने त्याच्याकडे फिरकत नाही.

कार्डासाठी मी पैसे घातले नाहीत. एप्रिल-मेच्या लग्नसराईत घरात पत्रिकांचा ढीग पडतो, त्यांची मागची कोरी बाजू वापरली. एका पत्रिकेची चार कार्डं होतात. चकचकीत पत्रिकेवर बॉलपेन घसरतो, खरखरीत कागदाची घ्या. गणपती छापलेला तुकडा आमच्या आजीने कापू दिला नाही, तो देवघरात गेला. खोका बुटाचा, कप्पे पुठ्ठ्याचे. पावसाळ्यात कार्डं दमट होऊन एकमेकांना चिकटतात, म्हणून जुलैत सगळा खोका पत्र्याच्या पेटीत हलवला. उंदरापासूनही सुटका झाली.

कार्डावर काय लिहायचं, यात सगळी गंमत आहे. सुरुवातीला सगळेच मोठमोठी उत्तरं लिहितात, 'पंचायत राज समित्यांची माहिती' वगैरे. असं कार्ड निरुपयोगी असतं, कारण अर्धं आलं तर बरोबर धरायचं की चूक, हेच ठरत नाही. एका कार्डावर एकच गोष्ट हवी. बळवंतराय मेहता समिती? १९५७. अशोक मेहता? १९७७ ला नेमली, १९७८ ला अहवाल. महाराष्ट्रातली वसंतराव नाईक समिती? १९६०, अहवाल १९६१, आणि १ मे १९६२ पासून राज्यात त्रिस्तरीय पंचायत राज. मग बोंगिरवार १९७०, प्राचार्य पी. बी. पाटील १९८४. या पाच नावांनी भल्याभल्यांना रडवलंय. परीक्षेत प्रश्न 'समिती सांगा' असा नसतो. चार पर्यायांत चारही खऱ्या समित्या असतात आणि शिफारस एकीचीच असते. म्हणून मी एकमेकींत घोटाळा होणाऱ्या गोष्टींचंच वेगळं कार्ड करते: 'द्विस्तरीय रचना कोणी सुचवली?' अशोक मेहता. हे कार्ड कितीतरी वेळा पहिल्या कप्प्यात परत आलं. नाईक समितीचं मात्र एकदाही मागे गेलं नाही. पुसदचा माणूस आपल्या जिल्ह्याचा, तो कशाला विसरेल! नद्यांचंही तसंच. वर्धा उगम पावते मध्य प्रदेशात, मुलताईजवळ. पैनगंगा तिला चंद्रपूर जिल्ह्यात मिळते. पुढे वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता. जे आपल्या अंगणाजवळ आहे त्याची कार्डं भराभर पाचव्या कप्प्यात जातात. कोकणातल्या खाड्या मात्र अजून पहिल्या-दुसऱ्यातच फिरताहेत.

खोक्याचा एक फायदा कुठेच वाचला नव्हता. मागे उत्तर लिहिलेलं असल्याने घरातलं कोणीही प्रश्न विचारू शकतं. पहिल्या दिवशी आजी म्हणाली, "काऊन वं, पत्ते खेळून राह्यली का?" पण दिवाळीपर्यंत बाबाच संध्याकाळी खाटेवर बसून गठ्ठा हातात घ्यायचे. "सांग बाई, त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू कवा झाली?" २४ एप्रिल १९९३ म्हटलं की कार्ड उलटून बघायचे आणि मग ते पुढच्या कप्प्यात टाकायचा मान त्यांचा. बाबा सातवीपर्यंत शिकलेले, पण चूक उत्तराला 'चालते' म्हणून सोडून देत नाहीत. मी एकटी असताना स्वतःला सूट देते, ती सवय इथे चालत नाही. लहान भावाला मात्र हे काम देऊ नका, तो उत्तराचं पहिलं अक्षर सांगून टाकतो.

आता शिस्तीचा प्रश्न. बसायचं कधी? मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांचं १९९९ चं काम यावर प्रसिद्ध आहे: 'अमुक झालं की तमुक करीन' असं आधी ठरवून ठेवलं तर माणूस नुसत्या 'करीन' पेक्षा ते काम जास्त वेळा पार पाडतो. मी घड्याळाच्या जागी घरातली कामं धरली. सडा-सारवण झालं की पहिला कप्पा. ढोरं चरायला सुटली की गणित. रात्री भांडी झाली की उद्याचं ठरवायचं, म्हणजे उद्या कोणता विषय, कोणत्या पानापासून, हे चिठ्ठीवर लिहून ती पुस्तकात घालून ठेवायची. हे शेवटचं सगळ्यात कामाचं. सकाळी 'आज काय वाचू' या विचारातच अर्धा तास जातो आणि त्या अर्ध्या तासात मोबाईल हातात येतो. चिठ्ठी असली की विचार करायचा उरतच नाही. सडा उशिरा पडला तर अभ्यास उशिरा सुरू होतो, पण सुरू होतो. घड्याळाच्या वेळापत्रकात ७ वाजून गेले की मन म्हणतं, आजचं गेलं, उद्या बघू.

एसटीचा प्रवासही असाच धरला. तालुक्याला जायचं म्हणजे कार्डांचा एक गठ्ठा रबर लावून पिशवीत. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीला गर्दी वाढलीय, बसायला जागा मिळेल असं नाही, पण उभ्यानेही कार्डं उलटता येतात. पुस्तक येत नाही.

घड्याळाबद्दल थोडक्यात. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या शेवटी टमाट्याच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी. 'पोमोडोरो' (इटालियनमध्ये टमाटा) हे नाव तिथून आलं. कार्डांसाठी, चालू घडामोडींसाठी आणि राज्यघटनेच्या कलमांसाठी ही २५ मिनिटं उत्तम. अंकगणिताला आणि उताऱ्यांना नाही. काम-वेळ-वेगाच्या गणितात डोकं लागायलाच वीस मिनिटं जातात, तेवढ्यात घंटा. तिथे मी ५० आणि १० करते. आणि गजर मोबाईलवर लावू नका. ५ मिनिटांची सुट्टी मोबाईलवर सुरू झाली की ती रील्सनीच संपते, आणि केव्हा संपेल ते तुमच्या हातात राहत नाही. बाजारात मिळणारं साधं सेलवालं घड्याळ पुरे. त्याची टिकटिक मला पहिला आठवडा नकोशी झाली होती, आता ऐकूही येत नाही. मे महिन्यात दुपारी मात्र कुठलंच घड्याळ कामाचं नाही. पारा ४५ च्या आसपास, पत्र्याचं छप्पर आणि लाईन गेलेली. तेव्हा झोपा, पहाटे उठा. येत्या उन्हाळ्यातही मी दुपारला हात लावणार नाही.

कॅलेंडर नवीन घेतलं नाही. दुधाचे लिटर लिहायचं जे स्वयंपाकघरात असतं, त्याच चौकटीत कोपऱ्यात पेन्सिलची एक रेघ, पहिला कप्पा झाला तरच. आईची नजर दिवसातून दोनदा तिथे जातेच, वेगळं सांगावं लागत नाही. सगळीकडे सांगतात २१ दिवसांत सवय लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० मधल्या अभ्यासात मात्र सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत फरक. त्यातली दुसरी गोष्ट जास्त दिलासा देणारी: एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. आमच्याकडे महालक्ष्म्या बसल्या की तीन दिवस पुस्तकाचं नाव काढता येत नाही, बायांना तर नाहीच. ते चौकोन रिकामे राहिले आणि चौथ्या दिवशी रेघ परत सुरू झाली.

खरी परीक्षा ऑक्टोबरात झाली. सोयाबीन सवंगायला आलं, आभाळ भरलेलं, मजूर मिळेना. घरातले सगळेच वावरात. इथे खोक्याचा दोष कळला. चार-पाच दिवस हात लावला नाही की दुसरा, तिसरा, चौथा असे सगळे कप्पे एकदम तुंबतात आणि समोरचा गठ्ठा पाहूनच पेटी उघडावीशी वाटत नाही. पद्धत सांगणारे हे सांगत नाहीत. मी दोन नियम केले. कामाच्या हंगामात नवीन कार्ड एकही नाही. आणि तुंबलेल्या गठ्ठ्यातून रोज फक्त मूठभर, तेही पहिल्या-दुसऱ्या कप्प्यातली; चौथा-पाचवा थांबला तर काही बिघडत नाही, त्यातलं बरंचसं डोक्यात राहतंच. थ्रेशरवाला येईपर्यंत धुऱ्यावर बसूनही तेवढं होतं. नोव्हेंबरात वेचणी सुरू झाली तेव्हा हीच रीत चालली.

मोबाईलवर हेच काम फुकट करणारं ॲप आहे, अँकीड्रॉइड. मराठी व्यवस्थित दिसतं, इंटरनेट नसलं तरी चालतं आणि कोणतं कार्ड कधी दाखवायचं ते स्वतः ठरवतं. स्वतःचा मोबाईल असेल आणि कार्डं हजाराच्या वर गेली असतील तर तेच घ्या, मी भांडणार नाही. आमच्या घरी चांगला फोन एकच. तो बाबांच्या खिशात किंवा भावाच्या हातात, आणि बाबांना ॲपवर प्रश्न विचारण्यात रस नाही.

गुण द्यायचेच तर खोक्याला पाचपैकी साडेचार, रात्रीच्या चिठ्ठीला पूर्ण पाच, कॅलेंडरला चार, घड्याळाला तीन. एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेत १०० प्रश्न एका तासात सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद, आणि चार उत्तरं चुकली की एका बरोबर उत्तराचे गुण जातात. तिथे 'आठवतंय असं वाटतं' याला किंमत नाही. सराव पेपरात माझे अंदाजाने मारलेले प्रश्न कमी झाले, हा फरक मला स्पष्ट दिसतो. गणिताचे गुण मात्र खोक्याने वाढले नाहीत. सूत्र कार्डावर पाठ होतं, पण कोणतं सूत्र कुठे लावायचं ते उदाहरणं सोडवूनच येतं. त्यासाठी वेगळं रजिस्टर केलंय, त्यात फक्त चुकलेली उदाहरणं, तारीख टाकून, परत सोडवायला.

एक शेवटची सूचना परीक्षा तोंडावर आलेल्यांना. महिनाभरच उरला असेल तर खोका आता सुरू करू नका, कार्डं लिहिण्यातच पंधरा दिवस जातील. एमपीएससीच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका फुकट आहेत, त्या घड्याळ लावून सोडवा. खोका निकालानंतर, पुढच्या जाहिरातीसाठी. पत्रिका मात्र आत्तापासून जमवून ठेवा, लग्नसराई संपली की चांगल्या कागदाच्या मिळत नाहीत.