भाडे, फ्लॅट की आजोबांचे घर?

हातात महिन्याला ४५ हजार, नोकरी पणजीत, वय तिशीच्या आत. वाटा तीन: पर्वरीत भाड्याने राहायचे, फोंड्याकडे फ्लॅट घ्यायचा, नाहीतर गावच्या घरातला आपला हिस्सा वेगळा करून बांधायचे.

फ्लॅटचा हिशेब आधी. बँक साधारण पगाराच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंतच हप्ता बसवू देते. २० हजारांचा हप्ता धरा. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी त्यात २३ लाखांचे कर्ज बसते. मुदत ३० वर्षे केली की २६ लाखांचे. पहिल्यात व्याज जाते २५ लाख, दुसऱ्यात ४६ लाख. म्हणजे तीन लाख जास्त उचलायला २१ लाख जास्त मोजायचे! फ्लॅट ४० लाखांचा असेल तर २३ लाखांवरचे १७ लाख तुमचे, वर मुद्रांक आणि नोंदणी. बांधकाम चालू असेल तर जीएसटीही: ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतच्या घराला १ टक्का, त्यापुढे ५. ऑक्युपन्सी, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला, मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटला तो लागत नाही. ‘व्याजावर कर वाचतो’ हे जुन्या करप्रणालीपुरते खरे. नव्या प्रणालीत स्वतः राहायच्या घराच्या व्याजाला वजावट नाही.

बिल्डर ‘बुकिंग’ म्हणून २० टक्के मागत असेल तर थांबा. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार, करारनामा नोंदवल्याशिवाय त्याला १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. जुना फ्लॅट घेताना विकणाऱ्याच्या जोडीदाराचीही सही बघा. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार झालेला नसेल तर मालमत्ता दोघांची असते, आणि एकाच्या सहीवर झालेला व्यवहार पुढे कोर्टात लोंबकळतो.

भाड्याचे गणित सोपे आहे. पर्वरीत १५ हजार भाडे धरले, तर फोंड्याच्या हप्त्यापेक्षा ५ हजार वाचतात. फोंड्याहून रोज ६० किलोमीटर स्कूटर म्हणजे महिन्याला ३२ लिटर पेट्रोल, तेही तीनेक हजारांचे. हे ८ हजार दरमहा ७ टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकले तर ५ वर्षांत सुमारे ५.७५ लाख जमतात. खोट एकच: करार ११ महिन्यांचा, आणि किनारपट्टीला ऑक्टोबरात सीझन लागला की मालकाला पर्यटक आठवतात. म्हणून करार जून-जुलैत सुरू होईल असे बघा, म्हणजे तो सीझन उलटल्यावर संपेल. पावसात भिंतींची ओल दिसते, हा वरचा फायदा.

तिसरी वाट सगळ्यांत स्वस्त, आणि तिच्याकडेच कुणी नीट बघत नाही. जमीन घरची, खर्च फक्त चिरे, सिमेंट आणि मजुरीचा. अडते ते कागदात. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव, वारस सात, शिवाय त्यांचे नवरे-बायका. एक काका मुंबईला, एक आत्या बोलत नाही. स्पष्ट हक्काशिवाय बँक गृहकर्ज देत नाही. मग लोक वैयक्तिक कर्ज काढून वर मजला चढवतात आणि गृहकर्जापेक्षा कितीतरी चढे व्याज भरत बसतात. त्यात वाटणी झालेलीच नसते, उद्या चुलतभाऊ त्याच मजल्यात हिस्सा मागू शकतो.

क्रम असा ठेवा. आधी वारसाहक्काचे डीड, म्हणजे वारस कोण ते ठरते. पण त्याने वाटणी होत नाही, ही गल्लत नेहमीची. सगळे राजी असतील तर नोंदणीकृत वाटणीपत्र, नसतील तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी, आणि तिला वर्षे लागू शकतात. मग म्युटेशन (उताऱ्यावर नवे नाव चढवणे), झोनिंग (जमीन कोणत्या वापरासाठी राखली आहे ते बघणे), गरज असेल तिथे सनद (जमीन बिगरशेती करण्याची परवानगी), शेवटी पंचायतीचा बांधकाम परवाना. उताऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे, नाव असेल तर आधी त्याचे घर आणि त्याभोवतीची जागा वगळून हिशेब करा.

‘ऑर्चर्डमधला स्वस्त प्लॉट, अविभाजित हिस्सा’ अशी जाहिरात चौथी वाट म्हणून समोर येईल. ती घेऊ नका. ऑर्चर्ड म्हणजे बागायतीची जमीन, तिथे हातात नुसता कागदावरचा हिस्सा येतो, त्यावर घर बांधायचा परवाना मिळत नाही.

आमचे मत: तिशीपर्यंत भाड्याने राहा, ते ८ हजार बाजूला टाका आणि दर चतुर्थीला गावी सगळे जमतात तेव्हा डीडचा विषय काढा. उतारा ऑनलाइन निघतो. तो छापून खिशात ठेवा, कारण कुणाचे नाव चढले आणि कुणाचे नाही यावर अर्धी चतुर्थी भांडणात जाते.