तुटलेला हेड बोल्ट आणि हेलिकॉइल : नऊ महिन्यांनंतर

इंजिनच्या हेडचा, म्हणजे वरच्या झाकणाचा, एक बोल्ट ब्लॉकमध्ये तुटला. त्या भोकात हेलिकॉइल, म्हणजे खराब आट्यांच्या जागी बसणारी तारेची स्प्रिंग, बसवून नऊ महिने झाले, गाडी ८,४०० किलोमीटर पळाली. एवढा काळ गेल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण हेडचं काम पहिल्या आठवड्यात सगळ्यांचंच चांगलं असतं.

गाडी घरचीच. चार सिलिंडरची जुनी डिझेल जीप, बिडाचा ब्लॉक, बिडाचं हेड. वडिलांच्या हाताखाली वीस वर्षं राबली आणि त्या वीस वर्षांत रेडिएटरमध्ये कूलंट कमी, विहिरीचं पाणी जास्त गेलं. गेल्या वर्षी ऑइल खायला लागली, रेडिएटरचं झाकण काढलं की बुडबुडे दिसायचे. म्हणून हाफ इंजिनचं काम काढलं. म्हणजे ब्लॉक चासीवरच ठेवून हेड आणि पिस्टन दोन्ही वरून.

हेडचे बोल्ट अठरा. बाहेरून आत या क्रमाने, प्रत्येकाला आधी पाव फेरा असे ढिले करत आलो. सतरा सुटले. एक्झॉस्टच्या बाजूचा, तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधला राहिला. गोटी (सॉकेट पाना) लावली, दांड्यावर वजन टाकलं. आधी घट्ट होता, मग एकदम मऊ लागला. ज्यांनी बोल्ट तोडलाय त्यांना हे मऊ लागणं माहीत असेल. बोल्ट सुटताना आवाज होतो, झटका बसतो. हा नुसता रबरासारखा फिरला आणि टक्‌ करून हातात आला. हेड उचलल्यावर बघितलं तर फेसच्या, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठाच्या, सहा मिलिमीटर खाली तुटलेला. हातातल्या तुकड्याची मान गंजाने खाऊन पेन्सिलीएवढी झाली होती. त्याच जागी हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट खालावलं होतं, आणि पाणी वर्षानुवर्षं बोल्टच्या अंगाशी मुरत होतं.

जास्त आवळून तुटलेला बोल्ट आणि गंजून तुटलेला बोल्ट यांत फार फरक आहे. पहिला तुटला की त्याच्यावरचा ताण जातो, कधी कधी नुसत्या टोच्याने फिरवून निघतो. दुसऱ्याचे आटेच ब्लॉकशी एकजीव झालेले असतात. माझा दुसरा होता.

आधी डिझेल, मग गंज सोडवायचा स्प्रे, दोन रात्री. उपयोग शून्य. मग वेल्डिंगवाल्याला बोलावून तुटलेल्या बोल्टच्या टोकावर नट वेल्ड करायचा प्रयत्न केला. सहा मिलिमीटर खोल भोकात रॉड नीट पोचत नाही, नट दोनदा सुटून आला. बोल्ट फेसच्या वर थोडा जरी उभा असता तरी हीच पद्धत सगळ्यांत चांगली होती, कारण वेल्डिंगची उष्णता गंज फोडते. तिसऱ्यांदा नको म्हटलं, शेजारीच सिलिंडरचा बोअर होता.

आता इझीआऊट, म्हणजे तुटलेल्या बोल्टात भोक पाडून त्यात ठोकायची आणि उलटी फिरवायची निमुळती कांडी. मी साडेसातशे रुपयांचा सेट आणला होता, लाल डबीत पाच नग, दिसायला झकास. भोक पाडून त्यातला एक ठोकला, फिरवायला लागलो, तर हातातला दांडा पिळला जातोय असं जाणवलं. उद्यमनगरात आमच्या ओळखीचे एक टर्नर आहेत, मामा म्हणतो आम्ही. योगायोगाने ते बघायला आले होते. "सोड ते," म्हणाले. "मोडलं आत, तर मग स्पार्क मशीनशिवाय निघायचं नाही. इंजिन उचलून न्यावं लागंल." बरोबर होतं. स्पार्क मशीन म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारं यंत्र. इझीआऊट कडक आणि ठिसूळ असतो. आत मोडला तर साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं. जिथे बोल्ट गंजाने धरलाय तिथे बारीक इझीआऊट घालू नये, हे माझं मत आता कायमचं झालं. सेट तसाच पडलाय, गॅस्केट खरवडायला त्यातला एक वापरतो.

मामांनी केलं ते असं. निघालेल्या सतरा बोल्टांपैकी एक घेतला, त्याचा आटे असलेला वीसेक मिलिमीटरचा तुकडा कापला, लेथवर धरला आणि बरोब्बर मधून पाच मिलिमीटरचं आरपार भोक पाडलं. झाला बुश. ब्लॉकमध्ये वरचे सहा मिलिमीटर आटे मोकळे होते, त्यात तो हाताने आवळला. आता ड्रिल कुठे घसरणार? तुटलेल्या बोल्टचा फेस वाकडातिकडा असतो, सेंटर पंच मारला तरी ड्रिल बिडाच्या मऊ बाजूला पळतं. या बुशात ते पळूच शकत नाही. मजुरी दोनशे रुपये. अख्ख्या कामात सगळ्यांत स्वस्त वस्तू हीच आणि तिनेच काम केलं.

ड्रिल मी उलट्या फेऱ्याचं वापरलं, कोबाल्टचं. बोल्टवर १०.९ असा ठसा होता, म्हणजे साधं लोखंड नव्हे. मशीनचा वेग अगदी कमी, कटिंग ऑइल सढळ. उलट्या ड्रिलचा फायदा असा की कापता कापता ते बोल्टला सुटायच्याच दिशेने ओढतं, आणि पुष्कळदा तुकडा आपोआप फिरून वर येतो. माझा आला नाही. पाचचं भोक सरळ गेलं. मग मी शहाणपणा केला. मोठ्या ड्रिलसाठी मोठ्या भोकाचा बुश करून घ्यायला मामांकडे परत जायचा कंटाळा आला आणि साडेआठचं ड्रिल हातानेच मारलं. ते एका बाजूला कलंडलं. उरलेली साल टोच्याने सोलून काढली तेव्हा एका बाजूचे आटे खाल्लेले दिसले. ही चूक पूर्ण माझी.

म्हणून हेलिकॉइल. बारा मिलिमीटर, पावणेदोनचं पिच (दोन आट्यांमधलं अंतर). त्याला साडेबाराचं ड्रिल लागतं आणि मग त्याचा खास टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार. हे ड्रिल तरी सरळच हवं, म्हणून मामांनी सोळा मिलिमीटर जाडीची, ड्रिल सरळ धरायला भोक असलेली पट्टी केली, ब्लॉकवरच व्हर्नियर लावून मापं घेतली आणि शेजारच्या दोन बोल्टांच्या भोकांत ती आवळली. बोअरमध्ये चिंध्या, टॅपच्या खाचांत ग्रीस, म्हणजे कीस आत पडत नाही. मी घेतलेला सेट सतराशेचा, त्यात साडेबाराचं ड्रिलच नव्हतं. डबीवर मात्र "कम्प्लीट किट".

कॉइल २४ मिलिमीटर लांबीची घेतली, म्हणजे बोल्टच्या जाडीच्या दुप्पट. फेसच्या अर्धा फेरा खाली बसवली. तिच्या तळाला एक आडवी दांडी असते, ती बसवल्यावर तोडून काढायची. भोक बंद बुडाचं, दांडी खाली पडली आणि चुंबक तिला काही केल्या धरेना, कारण स्टेनलेस. शेवटी बारीक स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला ग्रीस लावून चौथ्या प्रयत्नात चिकटून आली.

"स्प्रिंगवर हेड धरणार व्हय?" हा प्रश्न गल्लीतल्या निम्म्या लोकांनी विचारला. मलाही शंका होती. पण हिशेब सोपा आहे. कॉइलचे बाहेरचे आटे मूळ भोकापेक्षा मोठ्या व्यासाचे, म्हणजे बिडात पकड जास्त रुंद. आत बोल्ट बसतो तो स्टेनलेसच्या गुळगुळीत आट्यांत. ती गाठ मूळ बिडापेक्षा कमजोर नाही, फक्त भोक सरळ हवं.

अठराही बोल्ट नवीन घातले. भोकं हवेने फुंकून कोरडी केली, हे विसरू नका. बंद भोकात पाणी किंवा ऑइल साचलं आणि वरून बोल्ट आवळला तर ते दबून ब्लॉक फुटू शकतो. आट्यांना फक्त हलकं ऑइल, पुस्तकात जसं सांगितलंय तसं. कोरडे आटे आणि ऑइलचे आटे यांत त्याच टॉर्कला, म्हणजे आवळायच्या जोराला, बोल्टवर पडणारा ताण वेगळा असतो. बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळले. हेलिकॉइलवाला बोल्ट मी आधी बोटांनी शेवटपर्यंत घातला. पहिला आटा वाकडा गेला तर कॉइलच उलगडून वर येते.

पाचशे किलोमीटरला थंड इंजिनवर परत टॉर्क लावला, या गॅस्केटला तो लागतो. जवळजवळ सगळे बोल्ट थोडेथोडे फिरले आणि हाही इतरांएवढाच फिरला. त्या दिवशी पहिल्यांदा झोप नीट लागली. मे महिन्यात पाच माणसं आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्या घेऊन आंबा घाट उतरलो, दोन दिवसांनी भरलेल्या पेट्या घेऊन चढलो. घाटाखालच्या साखरप्यापासून वर येईपर्यंत माझं लक्ष रस्त्यापेक्षा तापमानाच्या काट्यावर होतं. काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, आता विहिरीचं पाणीही नाही. त्या बोल्टाच्या डोक्याजवळ फेब्रुवारीत ओलसर दिसलं होतं, पण ते टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून झिरपलेलं ऑइल निघालं.

टॉर्क रेंच, ड्रिल, हेलिकॉइल, सगळं परत घेईन. इझीआऊट घेणार नाही. बुश मात्र माझ्याकडे नाही. गावातल्या एकाच्या ट्रॅक्टरचा बोल्ट तुटला म्हणून पंधरवड्यापूर्वी नेलाय, दोनदा फोन केला तर म्हणतो, "देतो की, एक बोल्ट अजून राहिलाय."