क्युबा वाचायला घ्यायचा तर १८९८ पासून की १९५९ पासून?

आपल्याकडे बहुतेकांची क्युबाशी ओळख होते ती टी-शर्टवरच्या चे गव्हेरामुळे. त्यामुळे या देशाबद्दल नीट वाचायचं ठरवलं की हात आपोआप १९५९ कडे जातो: हुकूमशहा बातिस्ता पळाला, क्रांतिकारकांचा नेता कास्त्रो आला, अमेरिका बिथरली. दुसरी वाट साठ वर्षं मागून, १८९८ पासून निघते. त्या वर्षी क्युबातून स्पेनचा पाय निघाला आणि अमेरिकेचा पडला. हाताशी वेळ थोडा असेल आणि एकच वाट धरायची असेल, तर माझं मत १८९८ ला. पण हे सरसकट सगळ्यांना लागू नाही.

१९५९ ची वाट धरणाऱ्याला कंटाळा येणार नाही, हे आधीच कबूल. एका घटनेतून दुसरी कशी निघत गेली ते इथे लख्ख दिसतं. मे १९५९ मध्ये जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि मोठमोठी शेतं असलेल्या अमेरिकी साखर कंपन्या धास्तावल्या. फेब्रुवारी १९६० मध्ये सोव्हिएत नेते मिकोयान हवानाला आले आणि साखर खरेदीचा, तेल पुरवण्याचा करार करून गेले. ते तेल शुद्ध करायला टेक्साको, एसो आणि शेल या कंपन्यांनी नकार दिला, तेव्हा कास्त्रोंनी त्यांच्या रिफायनऱ्याच ताब्यात घेतल्या. जुलैत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी क्युबाकडून त्या वर्षी घ्यायच्या साखरेचा उरलेला कोटा रद्द केला. साखरेवरून राजकारण कसं पेटतं हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. क्युबाची तर अख्खी अर्थव्यवस्थाच त्या एका गिऱ्हाईकावर उभी होती. त्यानंतर अमेरिकी मालमत्तांचं राष्ट्रीयीकरण, ऑक्टोबरात अमेरिकेची निर्यातबंदी, जानेवारी १९६१ मध्ये राजनैतिक संबंध तोडणं आणि एप्रिलमध्ये बे ऑफ पिग्ज. सीआयएने तयार केलेले सुमारे १,४०० निर्वासित क्युबन किनाऱ्यावर उतरले आणि तीन दिवसांत मोहीम संपली. जवळपास १,२०० जण पकडले गेले.

मग येतो ऑक्टोबर १९६२, आणि इथेच या वाटेची मर्यादा उघडी पडते. सोव्हिएत युनियनने आणून ठेवलेली अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं क्युबात, पण बोलणी अमेरिकेचे केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्यात. सोव्हिएत क्षेपणास्त्रं परत नेणार, अमेरिका क्युबावर हल्ला करणार नाही, आणि तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं गुपचूप काढली जाणार, असं ठरलं. कास्त्रोंना कोणी विचारलंही नाही. ते भयंकर भडकले आणि क्षेपणास्त्रं खरंच हलवली का, हे पाहायला येणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांना त्यांनी देशात पाऊल ठेवू दिलं नाही. १९५९ पासून वाचत आलेल्याला हा एका तापट नेत्याचा आडमुठेपणा वाटतो. १८९८ वाचून आलेला म्हणतो, हे पुन्हा झालं.

कारण पहिल्यांदा ते १८९८ मध्येच झालं होतं. स्पेनविरुद्ध क्युबन लोक १८६८ पासून अधूनमधून लढतच होते. १८९५ मध्ये पुन्हा युद्ध पेटलं आणि त्याची जुळवाजुळव करणारा होसे मार्ती पहिल्या काही आठवड्यांतच मारला गेला. फेब्रुवारी १८९८ मध्ये हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटात बुडाली, अडीचशेहून जास्त माणसं गेली. अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी स्पेनवर खापर फोडलं. (१९७६ मध्ये अमेरिकी नौदलाच्याच अॅडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासात स्फोट बहुधा जहाजाच्या आतूनच झाला, असा निष्कर्ष निघाला. तोवर त्याचा कोणाला काही उपयोग उरला नव्हता.) अमेरिका युद्धात उतरली. जुलैत पूर्व क्युबातलं सांतियागो शहर पडलं, पण अमेरिकनांच्या बरोबरीने लढलेल्या कालिक्स्तो गार्सिया यांच्या क्युबन सैन्याला त्या शहरात शिरू दिलं गेलं नाही. डिसेंबरात पॅरिसला तह झाला, त्या टेबलावर एकही क्युबन नव्हता. १ जानेवारी १८९९ ला हवानात स्पेनचा झेंडा उतरला आणि वर चढला तो अमेरिकेचा.

पुढचा भाग नाट्यमय नाही, कागदोपत्री आहे, म्हणून बरेच जण तो वगळतात. तीच चूक. १९०१ मध्ये क्युबाची घटना तयार होत असताना अमेरिकी काँग्रेसने ‘प्लॅट दुरुस्ती’ मंजूर केली आणि ती घटनेत घाला, तरच आमचं लष्कर परत जाईल, असं बजावलं. तिच्यातल्या एका कलमाने क्युबात हस्तक्षेपाचा हक्क अमेरिकेला मिळत होता, दुसऱ्याने नाविक तळासाठी जागा द्यावी लागत होती. घटना समितीने अखेर १६ विरुद्ध ११ मतांनी मान तुकवली. १९०२ मध्ये देश ‘स्वतंत्र’ झाला, १९०३ मध्ये ग्वांतानामोचा उपसागर नाविक तळासाठी अमेरिकेला भाड्याने गेला, १९०६ मध्ये अमेरिकी राजवट परत आली आणि १९०९ पर्यंत राहिली. १९३४ मध्ये प्लॅट दुरुस्ती रद्द झाली, पण ग्वांतानामो सुटलं नाही. दोन्ही देशांची संमती असल्याशिवाय भाडेकरार संपणार नाही, अशी मेख नव्या करारात होती. भाडं वर्षाला ४,०८५ डॉलर. क्रांतीनंतर त्यातला एकच चेक वटवला गेला. बाकीचे कास्त्रोंच्या मेजाच्या खणात पडून राहिले.

एवढं माहीत असलं की १९५९ वेगळंच दिसतं. सांतियागोत शिरण्यापूर्वी कास्त्रोंनी रेडिओवरून सांगितलं होतं, की मागच्या वेळचा इतिहास पुन्हा घडणार नाही, या वेळी मांबी, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धातले क्युबन सैनिक, शहरात शिरतील. कास्त्रोंनी साम्यवादाचं नाव अजून घेतलेलं नव्हतं आणि भांडणाची भाषा मात्र तयार होती.

आता १८९८ च्या वाटेतला धोका. ती वाट क्युबाच्या सरकारला फार आवडते. तिथून सुरुवात केली की प्रत्येक अडचणीचं खापर शेजाऱ्यावर फोडता येतं: रेशनची रांग, तासन्‌तास गेलेली वीज, तरुणांचं देश सोडणं. निर्बंधांनी देशाला पिळून काढलं हे खरंच. पण एकच पक्ष, २००३ मध्ये तुरुंगात टाकलेले ७५ सरकारविरोधक आणि जुलै २०२१ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या लोकांची धरपकड, याचं उत्तर प्लॅट दुरुस्तीत सापडत नाही. उलट मायामीत स्थायिक झालेल्या जुन्या क्युबन कुटुंबांची गोष्ट हमखास १९५९ पासून सुरू होते: घर गेलं, कारखाना गेला, देश गेला. तीही खरी आहे, पण तिच्यात त्याआधीचा ऊसतोड मजूर फारसा दिसत नाही. म्हणजे सुरुवात निवडताना आपण नकळत एका बाजूला जाऊन बसलेलो असतो, एवढं भान ठेवा.

तर कोणी काय निवडावं? स्पर्धा परीक्षेसाठी शीतयुद्ध करायचं असेल, तर १९५९ ते १९६२ पुरे, उगाच मागे जाऊ नका. अण्वस्त्रांच्या राजकारणात रस असेल तरीही तेच. दोन देशांचं वैर इतकी वर्षं का टिकलं, सोव्हिएत युनियन संपल्यावरही का मिटलं नाही, हा प्रश्न असेल, तर १८९८. त्यातही १८९८ ते १९०३ सावकाश वाचा, तिथून उडी मारून १९३३-३४, मग बातिस्ताचं १९५२ चं बंड आणि थेट १९५९. मधली राष्ट्राध्यक्षांची यादी पाठ करण्यात अर्थ नाही.

ओबामांचा काळ मात्र कुठल्याही वाटेने आलात तरी शेवटी घ्या, आणि त्याआधी १९९६ चा हेल्म्स-बर्टन कायदा जरूर वाचा. त्या वर्षी फेब्रुवारीत क्युबाने निर्वासितांच्या संघटनेची दोन छोटी विमानं पाडली, चार जण गेले, आणि क्लिंटन यांनी हा कायदा सही करून लागू केला. तोवर निर्बंध राष्ट्राध्यक्षांच्या हातात होते, यानंतर ते काँग्रेसच्या मुठीत गेले. हे माहीत नसेल तर २०१५ मध्ये दूतावास उघडले, २०१६ मध्ये ओबामा स्वतः हवानाला जाऊन आले आणि तरीही निर्बंध जागच्या जागी कसे राहिले, हे कोडं सुटत नाही.